बाराशे पन्नासचा वाद आणि कपाटातली फाइल

पत्र थोडं कापून देते, नाव-गल्ली गाळून:

"ताई, मी बडोद्याला वाडी भागात राहते. वय ३४. चौदा महिन्यांपूर्वी यजमान हार्ट अटॅकने गेले. मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात सहा वर्षं ऑपरेटर होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. सासूबाई माझ्याकडेच असतात. मी साड्यांच्या एका शोरूममध्ये बिलिंगला आहे, पगार १२,२००. शेठ दिवाळीपासून १३,००० करतो म्हणालेत. पण दीर म्हणतात वाढ घेऊ नकोस, गंगास्वरूपाचे (गुजरात सरकारच्या विधवा-मदतीचे) महिना १,२५० जातील. शेजारच्या बेन तर म्हणतात नोकरीच सोड, नोकरीवालीला सरकार काही देत नाही. कंपनीने हिशेबाचे ४६,००० दिले आणि 'सगळं मिळालं' म्हणून सही घेतली. मला नक्की काय मिळू शकतं? कुणाला विचारायला गेलं की 'नोकरी आहे ना, मग कशाला?' हेच ऐकायला मिळतं. दोघांच्याही पगाराच्या स्लिपांचे फोटो पाठवते आहे."

बाई, स्लिपांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मी एकोणीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगारपत्रकं केली आहेत. माझ्याकडे लोक तीन-तीन पानांची दुःखं लिहून पाठवतात आणि एक आकडा देत नाहीत. तुम्ही उलट केलंत, त्यामुळे मलाही तुमच्याशी आकड्यांतच बोलता येईल.

तुमच्या यजमानांच्या शेवटच्या स्लिपवर एकूण पगार २२,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,०००. पीएफ कापलाय १,८००. हे तर दिसतंच. पण स्लिपवर न दिसणारी एक गोष्ट सांगते. कामगाराचे १,८०० कापले जातात तेव्हा मालकालाही तेवढेच भरावे लागतात, आणि त्याच्या भागातून पगाराचे ८.३३ टक्के पीएफमध्ये न जाता पेन्शनच्या खात्यात जातात. १५,००० चे ८.३३ टक्के म्हणजे किती? १,२५०. जे १,२५० मिळतील की नाही म्हणून तुमच्या घरात सहा महिने वाद चाललाय, तेवढेच रुपये दर महिन्याला तुमच्या यजमानांच्या नावावर पेन्शनमध्ये जमा होत होते. आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही.

तुम्ही दोन वेगवेगळ्या पैशांची सरमिसळ केली आहे. तुम्हीच असं नाही, सगळेच करतात. एक पैसा सरकार मदत म्हणून देतं. तिथे 'तुमची कमाई किती?' हा प्रश्न येणारच, आणि यायलाही हवा. दुसरा पैसा माणसाने नोकरी करता करता कमावून ठेवलेला असतो: पीएफ, पेन्शन, विमा, ग्रॅच्युइटी. त्याला तुमच्या पगाराशी काही देणं-घेणं नाही. तुम्ही शोरूममध्ये बिलं करा नाहीतर शोरूमच विकत घ्या, तो तुमचाच. 'नोकरी आहे ना, मग कशाला?' हे वाक्य पहिल्या पैशाला थोडंफार लागू पडतं, दुसऱ्याला अजिबात नाही. लोक सरसकट दोन्हीकडे लावतात.

माझ्या सख्ख्या बहिणीला हेच वाक्य ऐकवलं होतं. मेहुणे गेले तेव्हा ती शाळेत शिकवत होती. एका कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने वर न बघता "मास्तरीणबाई, तुम्हाला पगार आहे" एवढंच सांगितलं. ती परत आली आणि सहा वर्षं त्या दारात गेली नाही. पुढे मिळालं, पण मधल्या सहा वर्षांत तिने काय काय विकलं ते मला माहीत आहे. म्हणून या विषयावर माझा आवाज जरा चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर आधी दुसरा पैसा.

सगळ्यात मोठी रक्कम अशी आहे की तिचं नावही तुमच्या पत्रात नाही. पीएफला जोडून कामगाराचा एक विमा असतो, ईडीएलआय म्हणतात. हप्ता पूर्णपणे मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही. म्हणूनच तो स्लिपवर कुठे दिसत नाही आणि घरच्यांना पत्ता नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर, मग तो घरी झालेला असो की कारखान्यात, हा विमा लागू होतो. हिशेब असा: शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची ३५ पट, त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. तुमच्या बाबतीत तो नेमका १५,००० च आहे. ३५ गुणिले १५,०००, म्हणजे ५,२५,०००. शिवाय त्यांच्या पीएफ खात्यात त्या वर्षभर सरासरी जी शिल्लक होती तिचा अर्धा भाग, १,७५,००० पर्यंत. एकूण कमाल मर्यादा सात लाख.

पुन्हा वाचा. सव्वापाच लाखांच्या पुढे. आणि तुमच्याकडे वाद कशावर, तर १,२५० वर.

काही कारखाने या सरकारी विम्यातून सूट घेऊन त्याऐवजी विमा कंपनीची गट-पॉलिसी घेतात. तसं असेल तर दावा तिकडे करायचा, पण फायदा सरकारी विम्यापेक्षा कमी असता कामा नये असा नियम आहे. हे कारखान्याच्या पर्सोनेल खात्याला एका ओळीत विचारता येतं: "ईडीएलआय पीएफ ऑफिसात आहे की पॉलिसी आहे?" एवढंच विचारा. "माझं काय काय निघतं?" असं विचारलंत की उत्तर हमखास "सगळं दिलंय" असं येईल.

दुसरी रक्कम त्यांच्या पीएफची. १,८०० त्यांचे आणि मालकाचे उरलेले ५५०, असे महिन्याला २,३५०, आणि वर व्याज. सुरुवातीला पगार कमी असेल हे धरूनही सहा वर्षांत लाखाच्या वर असायला हवेत. तिसरी पेन्शन. नोकरीत असताना मृत्यू झाला तर दहा वर्षांच्या नोकरीची अट नसते, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन बसते. किती, ते पीएफ ऑफिस त्यांचा तक्ता बघून ठरवेल. पण १,००० पेक्षा कमी नाही. त्याशिवाय दोन्ही मुलांना प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत. म्हणजे कमीत कमी धरलं तरी घरात महिना १,५००. आणि ती अर्ज केल्या दिवसापासून नाही, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. चौदा महिन्यांचे २१,००० तुमचे आत्ताच साचलेले आहेत. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर तुमची पेन्शन थांबते, मुलांची मात्र वाढते. हे फक्त माहितीसाठी, यावर मला काही म्हणायचं नाही.

या तिन्हींसाठी आता एकच एकत्रित फॉर्म असतो. पूर्वी तीन वेगळे होते: पीएफचा २०, पेन्शनचा १०-डी, विम्याचा ५-आयएफ. जुनी माणसं अजून याच नावांनी बोलतात, म्हणून ही नावं कानावरून गेलेली बरी.

चौथी ग्रॅच्युइटी, आणि इथे तुमचे ४६,००० मला खटकतात. पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत नसतेच, आणि यजमानांची तर सहा झाली होती. हिशेब सोपा आहे: १५,००० ला २६ ने भागा, १५ ने गुणा, ६ वर्षांनी गुणा. येतात ५१,९२३. म्हणजे नुसती ग्रॅच्युइटीच त्यांनी दिलेल्या एकूण रकमेपेक्षा जास्त होते! त्या ४६,००० मध्ये शेवटच्या महिन्याचा पगार, रजेचे पैसे, बोनस असं काय काय धरलंय त्याचा कागद मागा. तुमच्या त्या 'सगळं मिळालं'च्या सहीची धास्ती सोडा. पीएफ, पेन्शन आणि विमा हे पैसे कारखान्याच्या खिशातले नाहीतच, आणि ग्रॅच्युइटी कायद्याने देय आहे. अशा सहीने ती माफ होत नाही. पत्र लिहून, पोच घेऊन मागा. तोंडी नको.

पाचवी तपासणी तुम्ही आज रात्री मुलं झोपल्यावर करू शकता. यजमानांचं बँकेचं पासबुक काढा आणि मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये वजा झालेत का बघा. झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख, दावा त्याच बँकेत करायचा. २० रुपयांची नोंदही दिसेल कदाचित. ती अपघात विम्याची, हार्ट अटॅकला लागत नाही. ४३६ ची नोंद नसेल तर तो विषय तिथेच संपला, मन खात बसू नका.

आता दिरांचं गणित. मी ते कागदावर मांडून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगते, एका बेरजेपुरतं ते बरोबर आहे. गंगास्वरूपा योजनेला शहरात वर्षाला १,५०,००० ची मर्यादा आहे. तुमचे १२,२०० गुणिले १२ होतात १,४६,४००, काठावर आत. १३,००० झाले की १,५६,०००, बाहेर. वाढीचे वर्षाला ९,६०० मिळतात आणि मदतीचे १५,००० जातात. ५,४०० चा तोटा. हे गणित ज्याने केलं त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण त्यांनी पेन्शन धरलेलीच नाही. उत्पन्नाच्या दाखल्यात, आपल्याकडे सगळे 'आवकनो दाखलो' म्हणतात तो, पेन्शनही उत्पन्नात येते. तुमच्या पगारात नुसते तुमच्या पेन्शनचे किमान १,००० मिळवले तरी वर्षाचे १,५८,४०० होतात. म्हणजे वाढ घ्या की न घ्या, हक्काची पेन्शन सुरू झाली की तुम्ही मर्यादेच्या बाहेर. मग काय पेन्शन सोडायची? ती मुलांनाही मिळते, तुम्हाला आयुष्यभर राहते, पगार वाढला म्हणून कुणी काढून घेत नाही. ती सोडून दाखल्याच्या भरवशावरचे १,२५० धरणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. आणि पेन्शन घेऊन ती दाखल्यात लपवायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. पेन्शन आणि मदत दोन्ही बँकेच्या खात्यातच येतात, आणि वसुलीची नोटीस आली तर ती दिरांच्या नावाने येणार नाही.

तेव्हा गंगास्वरूपा तुमच्यासाठी नाही असं माझं मत आहे. ज्या बाईचा नवरा कुठे पीएफवर नव्हता, जी चार घरची कामं करते, तिच्यासाठी ती आहे आणि तिने ती जरूर घ्यावी. २०१९ पासून मुलगा २१ वर्षांचा झाला की मदत बंद करायची ती जाचक अटही गेली आहे. शेजारच्या बेननी कदाचित अशाच कुणाचं ऐकून तुम्हाला सांगितलं असेल. १,२५० साठी १२,२०० सोडायचे, या सल्ल्यावर मात्र मी शाई खर्च करत नाही.

जाता जाता त्या नावाबद्दल. तुम्ही लिहिलंत की अर्जावर 'गंगास्वरूपा' वाचून पेन हातात तसाच राहिला. समजू शकते. आपल्याकडे लग्नपत्रिकेत आजीच्या नावामागे 'गं. भा.' छापायचे आणि तीच आजी मांडवात मागे कोपऱ्यात बसलेली असायची. गुजरातेत गंगास्वरूपा, तिकडे मध्य प्रदेशात कल्याणी. सरकारांना शब्द गोड लागतात. पीएफच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मात्र तुम्हाला 'पत्नी' एवढंच लिहायचंय.

पहिल्या पैशातलं बाकीचं भराभर सांगते, कारण इथे प्रत्येक दाराची चौकट वेगळ्या उंचीची आहे आणि तुमचे दीड लाख एका दारात जास्त तर दुसऱ्या दारात कमी ठरतात. मिशन वात्सल्यची स्पॉन्सरशिप म्हणून एक मदत आहे, मुलाला महिना ४,०००, आणि ती विधवा आईच्या मुलांनाही मिळते. पण शहरात मर्यादा वर्षाला ९६,०००. तुम्ही बसत नाही. पालक माता-पिता योजना आई-वडील दोघेही नसलेल्या, किंवा वडील गेले आणि आईने पुनर्विवाह केला अशा मुलांसाठी आहे. तीही नाही. व्हाली दीकरी ही योजना २ ऑगस्ट २०१९ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलींसाठी, तुमची लेक त्याआधीची.

आता जिथे तुम्ही सहज बसता ते. आयुष्मान कार्ड: गुजरातमध्ये चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचे उपचार. सासूबाईंचं वय बघता हे आधी करा. आणि मुलाची शाळा! आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी पूर्वी इथे शहरात दीड लाखाचीच मर्यादा होती, २०२५ मध्ये ती सहा लाख केली. म्हणजे तुम्ही उद्या १३,००० काय, २३,००० कमावलेत तरी चालतं. १ जूनला मुलाची सहा वर्षं पूर्ण हवीत. तुमचा साडेपाचचा आहे, तेव्हा येत्या फेरीतच तो बसेल. खासगी शाळेत आठवीपर्यंत फी नाही, वर पुस्तकं-गणवेशासाठी वर्षाला ३,००० पालकाच्या खात्यात येतात. प्रवेश फक्त पहिलीला असतो, म्हणून ही संधी एकदाच. लेकीला त्याचा उपयोग नाही. तुमच्या घरच्या हिशेबात एका मुलाची आठ वर्षांची फी वाचणं म्हणजे १,२५० च्या कितीतरी वर आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तीन वर्षं चालतो. फेब्रुवारीत जनसेवा केंद्रावर सगळं शहर लोटतं.

तुमच्या स्वतःच्या स्लिपवर ९२ रुपये कापलेले दिसतात. ते ईएसआयचे, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचे. म्हणजे गोत्री रोडच्या ईएसआय दवाखान्यात तुमचा आणि मुलांचा इलाज मोफत आहे, आणि तुम्ही स्वतः आजारी पडून घरी बसलात तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तुम्ही ते कार्ड कधी वापरलंय असं पत्रावरून वाटत नाही.

कामाला लागताना एक भानगड येणार, ती आधीच सांगते. आपण मराठी माणसं बडोद्यात राहतो त्याची ही पट्टी आहे. तुम्ही पाठवलेल्या मृत्यूच्या दाखल्याच्या फोटोत यजमानांच्या नावाला 'भाई' जोडलेलं आहे. स्लिपवर नुसतं नाव आहे. तुमच्या आधारवर तुमच्या नावापुढे 'बेन' आहे का तेही बघा. आपल्याला हे प्रेमाने चिकटलेलं शेपूट वाटतं, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दावा परत येतो. कारखान्याकडून जॉइंट डिक्लेरेशन (दुरुस्तीचं संयुक्त निवेदन) करून पीएफच्या नोंदी जुळवून घ्या, किंवा दाखल्यात दुरुस्ती करा. जे सोपं असेल ते, पण दाव्याच्या आधी. फॉर्मवर मालकाची सही लागते. ते टाळाटाळ करत असतील तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते.

आणि एक नाजूक गोष्ट. यजमानांनी नॉमिनी नोंदवला होता का ते मला स्लिपवरून कळत नाही. नोंदवला नसेल तर पीएफ आणि विम्याची रक्कम कुटुंबातल्या हक्कदारांत सारखी वाटली जाते: तुम्ही, दोन्ही मुलं, आणि मुलावर अवलंबून असलेली आई म्हणून सासूबाई. दीर त्यात नाहीत. पेन्शन मात्र तुमची आणि मुलांचीच. सासूबाईंना हे इतर कुणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, त्यांच्या वाट्यासकट. त्या तुमच्याजवळ राहतात. पाच लाखांचं नाव निघाल्यावर घरात माणसं वाढतात, असा माझा टाइम ऑफिसातला अनुभव आहे. तलाट्याकडून पेढीनामुं, म्हणजे वारसांची वंशावळ, करायला पंच लागतील, त्यात एक जण सासरचा असू द्या.

पीएफ ऑफिसचं दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधि आपके निकट' म्हणून शिबिर असतं. तिथे साहेब समोर बसलेले असतात, खिडकी नसते. यजमानांचा यूएएन (पीएफचा नंबर) स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात आहे, तो वेगळ्या कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून घ्या. दावा पूर्ण भरलेला असेल तर २० दिवसांत निकाली काढायचा नियम आहे. त्यापुढे गेला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका.

शेठना वाढीला हो म्हणा, दिवाळीचं पत्र आत्ताच मागून घ्या. आणि २७ तारखेला जाताना मुलांचे जन्मदाखले आणि सासूबाईंचं आधार पिशवीत टाकायला विसरू नका. बहुतेकांचा दुसरा हेलपाटा नेमका त्यासाठीच होतो.